जोसातेकीची गाडी आणि सतरा प्रश्न

मुनसामीला बरोबर न्यायचं नाही, एवढंच इलाइतियाने ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.

मुनसामी म्हणजे गावाबाहेरच्या वळणावरचा मेकॅनिक. त्याने नुसता कान लावला की इंजिन आपली दुखणी सांगायला लागतं, अशी त्याची ख्याती. पण इलाइतियाही काही कमी नव्हता. तो शाळेतला कारकून. (बावीस वर्षं हजेरीपट तपासलेला माणूस! त्याच्या नजरेतून काय सुटणार?) शिवाय मागच्या महिन्यात तो मुनसामीसमोर रेडिएटरला बॅटरी म्हणाला होता, आणि मुनसामी अजून हसत होता.

"अहो, त्याला न्या बरोबर," त्याची बायको उनाइसी चौथ्यांदा म्हणाली. "जुनी गाडी आहे. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"आपल्याला म्हणजे तुला," असं म्हणून इलाइतियाने खिशातून एक कागद काढला. कागदावर सुवाच्य अक्षरात सतरा प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण करायला एक चौकोन.

उनाइसीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तीन वर्षं दालोचे कंद विकून तिने या गाडीसाठी पैसे साठवले होते. सिंगातोकाच्या बाजारात छपराखालची कोपऱ्यातली जागा तिला मिळणार होती. अट एकच, दर शनिवारी पहाटे पाचला हजर. बसवाला तर तिच्या गोण्या बघून वेगच वाढवायचा. येत्या शनिवारी ती पोचली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. आणि आज गुरुवार होता.

"नीट बघून घ्या हो," ती म्हणाली. "एवढंच सांगते."

इलाइतिया बसने वर डोंगरातल्या नाकोरोवातूला पोचला. गाडीचा मालक जोसातेकी, पांढऱ्या केसांचा धिप्पाड म्हातारा, आंब्याखाली चटई टाकून तिघा शेजाऱ्यांबरोबर मुळं कुटून केलेलं यांगोना करवंटीतून पीत बसला होता. बाजूलाच ती उभी होती: निळी डबल-केबिन, वय वर्षं चोवीस. इलाइतियाने रीतसर टाळी वाजवून पुढे आलेली करवंटी रिकामी केली.

"गाव कुठलं?" जोसातेकीने विचारलं.

"वाइलोटू."

"वाइलोटू! अरे, म्हणजे तू आमचा ताउवू!"

झालं! इथेच सगळा घोटाळा झाला. ताउवू म्हणजे दोन्ही गावांचा मूळ देव एक. अशा गावच्या माणसांनी भेटल्याभेटल्या एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची, आणि ऐकणाऱ्याने राग न मानता दामदुपटीने परत करायची, असा वाडवडिलांपासूनचा रिवाज.

"देव अक्कल वाटत होता तेव्हा तुम्ही वाइलोटूवाले मासे पकडायला गेला होतात," जोसातेकीने सुरुवात केली.

"आणि तुम्ही रांगेत पहिले होतात. पण पिशवी घरी विसरलात!" इलाइतियाने ठोकून दिलं. सगळे मांड्यांवर थापा मारून हसले. इलाइतियाची कळी खुलली. त्याने कागद काढला.

"आता कामाचं. प्रश्न पहिला. ब्रेक?"

जोसातेकीने नकारार्थी मान हलवली. "ब्रेक नाहीत. देवाचं नाव घेऊन दाबायचा. कधी लागतो, कधी नाही."

इलाइतिया खो खो हसला आणि त्याने कागदावर लिहिलं, 'ब्रेक उत्तम.' (ताउवू असं म्हणतोय म्हणजे उलटंच असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल.)

"गिअर?"

"तिसरा पडत नाही. दुसऱ्यावरून थेट चौथा."

'गिअर सगळे.'

"रेडिएटर?"

"गळतो. दर दोन मैलांवर घोटभर पाणी पाजावं लागतं."

"तुमच्यासारखंच की!" इलाइतिया म्हणाला आणि त्याने डोळे पुसत खूण केली.

जोसातेकीचं हसू आता मावळत चाललं होतं. "बाबा रे, मी खरं सांगतोय."

"तर तर! चेहरा किती गंभीर ठेवलाय बघा! नाकोरोवातूवाल्यांना मानलं पाहिजे."

मग जोसातेकीने गाडीचं दार उघडून आतली पायाखालची चटई उचलून दाखवली. खाली भलंमोठं भोक होतं आणि भोकातून गवत दिसत होतं. "पावसाचं पाणी निघून जायची सोय," इलाइतिया म्हणाला आणि त्याने खूण केली. गाडी ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही म्हटल्यावर तर त्याने पोटच धरलं. चौघे म्हातारे उठून ढकलायला लागले, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर ढकलू लागला. (पाहुण्यालाच गाडी ढकलायला लावायची! काय ही थट्टा!) शेवटी इंजिन धडधडलं, तसे पैसे मोजून देऊन तो स्टिअरिंगवर बसला.

"पैसे मी आठवडाभर खर्च करत नाही," जोसातेकी खिडकीतून आत वाकून कळवळून म्हणाला. "लक्षात ठेव हं."

इलाइतिया त्यालाही हसला, आणि निघाला.

पहिल्या चढावर तिसरा गिअर पडला नाही, तेव्हा त्याचं हसू थोडं कमी झालं. दुसऱ्या मैलाला बॉनेटमधून वाफ आली आणि हसू थांबलंच. मग गावाचा उतार लागला. त्याने ब्रेकवर पाय दाबला, देवाचं नाव घेतलं. आजचा दिवस 'कधी नाही'तला होता. पुढच्या वळणावर मुनसामीचं गॅरेज आणि गॅरेजसमोर जुन्या टायरांचा ढीग. गाडी सरळ त्या ढिगात शिरली आणि मोठा सुस्कारा टाकून थांबली.

मुनसामीने आधी इलाइतियाचे हातपाय धड आहेत ना ते पाहिलं. मग बॉनेट उघडलं.

"रेडिएटर गेलाय," तो म्हणाला. "म्हणजे तुझी बॅटरी."

आवाज ऐकून उनाइसी धावत आली. नवरा शाबूत आहे हे बघून तिने देवाचे आभार मानले आणि मग त्याच्या खिशातला कागद काढून वाचला.

"ब्रेक उत्तम, गिअर सगळे... असं सांगितलं त्या माणसाने?"

"नाही. तो म्हणाला ब्रेक नाहीत."

"मग?"

"मला वाटलं, थट्टा करतोय."

"सतराही वेळा?"

"सोळा," इलाइतिया खाली बघत म्हणाला. "सतराव्याला मी हसत होतो, ऐकू आलं नाही."

उनाइसी एका टायरवर बसली आणि तिचे डोळे भरून आले. तीन वर्षांचे दालो त्या ढिगाऱ्यात वाफाळत होते. इलाइतियाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती ओरडली असती तरी परवडलं असतं.

शुक्रवारी दुपारी जोसातेकी बसमधून उतरला. कंबरेला गुंडाळलेल्या सुलूच्या घडीतून त्याने पैशांचं पुडकं काढून उनाइसीच्या हातात ठेवलं. "मला रात्रभर झोप नाही. हा माणूस ऐकेचना! गाडी मात्र राहू दे इथेच. वर ढकलायला माणसं कुठून आणू?"

ती गाडी मुनसामीने सुट्या भागांसाठी ठेवून घेतली आणि बदल्यात उद्या स्वतःच्या व्हॅनमधून दालो बाजारात पोचवायचं कबूल केलं. उनाइसीच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा रंग आला. पुढची गाडी बघायला कोण जाणार, हे तिने त्याच वेळी ठरवून टाकलं. त्यात इलाइतियाचं नाव नव्हतं.

शनिवारी पहाटे पुढे मुनसामी, उनाइसी आणि रात्री मुक्काम करून शहरात निघालेला जोसातेकी बसले. इलाइतियाला मागे गोण्यांवर जागा मिळाली. मधली खिडकी उघडी होती, त्यामुळे त्याला सगळं ऐकू येत होतं.

"पोरी, एक विचारू?" जोसातेकी म्हणाला. "गाडीचे दोष मी याला एकूणएक सांगितले. याच्याशी लग्न करताना तुला कुणी काही सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं की! यांच्या आत्याने घरी बोलावून सांगितलं. हा ऐकत नाही, कुणाला विचारत नाही, आणि एकदा सुटला की थांबत नाही."

"मग गं?"

"तीस वर्षं तुमच्याच गावात नांदलेली बाई ती. मला वाटलं, ताउवूची थट्टा करत्येय!"

हसून हसून मुनसामीच्या डोळ्यांना पाणी आलं आणि समोरचं दिसेना. पाचला अजून अवकाश होता, म्हणून त्याने व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. ब्रेक पहिल्याच दाबात लागले.