बागेतले पांढरे संशयित

मी नांदेडला एका ऑफिसात तपासणीच्या टेबलावर हेडक्लार्क आहे. विश्वास ठेवण्याचा पगार मला मिळत नाही. त्यामुळे रविवारी अर्धापूरजवळच्या आमच्या मोसंबीच्या बागेत सहज चक्कर टाकायचं ठरवलं, तेव्हा बायको लता एवढंच म्हणाली, "जा. पण कशाला हात लावू नका."

बाग तिची. (सातबारा माझ्या नावावर आहे, पण झाडं तिचंच ऐकतात.) यंदा मोसंबीवर रस शोषणारा पांढरा पिठ्या ढेकूण पडला होता आणि विषारी फवारा न मारता तो घालवून दाखवीन, असं ती गावभर सांगून बसली होती. शेजारचे अण्णाराव तेव्हापासून हसत होते.

बागेत पोचतो तर काय! कामाला येणाऱ्या सरजाबाई डब्यातून फांदीवर काहीतरी हळूच झटकत होत्या. मला बघताच डबा पदराआड गेला.

"काय हो ते?"

"काई न्हाई सायेब. ताई म्हनल्या, कुनाला दावू नको."

त्या पुढं गेल्यावर मी चष्मा लावून फांदी बघितली. पांढरे, कापसासारखे किडे वळवळत होते. ढेकूण! ही बाई आमच्याच झाडावर ढेकूण सोडून राहिली होती! तेवढ्यात बांधावरून अण्णाराव म्हणाले, "काय सायेब, बाग लई बेस हाय ना?" झालं, कटाचा सूत्रधारही सापडला.

लताला विचारता आलं असतं. पण आधी पुरावा, मग चौकशी. तीन दिवस मी अर्धी रजा टाकली आणि सरजाबाई घरी गेल्यावर साबणाच्या पाण्याची बादली घेऊन किडे वेचले. बसून राहणारे सोडले, पळणारे आधी धरले. (पळतो तोच चोर, हा आमच्या टेबलाचा अनुभव.) चौथ्या दिवशी बादली लतापुढं ठेवली.

"घे! तुझी बाग वाचवली."

लतानं आत बघितलं. "ह्यात ढेकूण किती?"

"सगळेच!"

"एकही नाही. ह्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत. दिसतात ढेकणासारख्या, पण ढेकणालाच खातात. कृषी विद्यापीठात महिनाभर नंबर लावून आणल्या होत्या मी."

"मग लपवलंस कशाला?"

"अण्णाराव हसतील म्हणून. आणि तुम्ही चौकशी लावाल म्हणून!"

तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा संशय आला.

नशीब, माझ्या तावडीतून सुटलेल्या दहा-बारा अळ्यांनी एक फांदी चाटूनपुसून साफ केली. ती बघून लतानं नवा डबा मागवला. तो सोडताना मला बांधाबाहेर उभं केलं होतं.

स्वच्छ फांदी न्याहाळत सरजाबाई म्हणाल्या, "ताई, ढेकनाला खानारं तर घावलं. सायबाला खानारं काई भेटतंय का तिथं?"

लतानं पानावरची नजरही उचलली नाही.

"ते आणायला कशाला जायचं? मी आहे की घरात."