ढालकरांची पहिली बैठक

एका जंगलात, मुलांनो, शके एकोणीसशे पंचेचाळीसच्या मार्गशीर्षात, म्हणजे हेमंत ऋतूत, कंटकराव नावाचे साळिंदर एकटेच राहत होते. पूर्वी एकटे नव्हते. पत्नी शलाकाबाई तान्ह्या पिल्लाला घेऊन नुकत्याच माहेरच्या बिळात निघून गेल्या होत्या.

कारण सांगते, चुळबुळ थांबवा. शलाकाबाई इतकेच म्हणाल्या होत्या, "अहो, बिळाचे तोंड अरुंद आहे, अंग चोरून आत या." कंटकरावांना राग आला. राग आला की त्यांचे काटे उभे राहत. शेजारीच असलेल्या पिल्लाच्या नाकातून रक्त आले. तुमचे काटे बसतील त्या दिवशी परत येईन, असे सांगून शलाकाबाई गेल्या.

जंगलात त्या सुमारास समुपदेशनाची टूम निघाली होती. तळ्याकाठी ढालकर नावाच्या कासवाने पाटी लावली होती: 'येथे स्वभावबदलास साहाय्य मिळेल. दूरच्या सरोवरात रीतसर प्रशिक्षण. पूर्वी ओढ्यात पायरी म्हणून दीर्घ सेवा. आम्ही सल्ला देत नाही, ऐकतो.'

पायरीचा उल्लेख कंटकरावांना विशेष भावला. ज्याने इतक्यांचे पाय सोसले, तो आपले काटेही सोसेल, असे वाटून ते तळ्याकाठी गेले.

"बसा. मोकळेपणाने बोला," ढालकर म्हणाले. "मी मध्ये बोलणार नाही."

एवढे बोलून त्यांनी मान कवचात ओढून घेतली. कडाक्याची थंडी पडली होती, आणि अशा थंडीत कासवे झोपी जातात. तुम्हांला हे शाळेत शिकवले आहे. साळिंदरांना शिकवत नाहीत.

हीच ती पद्धत, असे समजून कंटकराव नेमाने येऊ लागले. प्रथम सारा दोष त्यांनी शलाकाबाईंना दिला. काटे खडखडवले, कवचावर आपटूनही पाहिले. कवच हूं की चूं करीना. समोरून उत्तर येत नसेल, तर भांडण तरी किती दिवस पुरवून वापरायचे? पौषात दोष बिळाच्या अरुंद तोंडाकडे गेला. माघात थंडीकडे गेला. फाल्गुनात त्याला जायला जागाच उरली नाही.

"काटे मीच उभे केले होते," कंटकराव हळूच म्हणाले, आणि कवचाला टेकून रडले. काटे केव्हाच निजले होते. त्यांच्या ध्यानातही आले नाही.

त्यांनी माहेरी निरोप धाडला. पाडव्याच्या सकाळी शलाकाबाई आल्या, पिल्लाला घेऊन बिळात बसल्या आणि आतून मुद्दाम म्हणाल्या, "अहो, अंग चोरून आत या."

काटे किंचित सळसळले. मग निमूट खाली बसले.

"आलो," कंटकराव म्हणाले. पिल्लू त्यांच्या पोटाशी जाऊन झोपले.

दुपारी तिघेही गोड कंद घेऊन तळ्यावर गेले. ऊन चढले होते. ढालकरांनी मान बाहेर काढली, डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "बसा. आज आपली पहिली बैठक. काय त्रास आहे?"

कंटकराव शलाकाबाईंकडे वळून म्हणाले, "पाहिलेस? केलेल्याचा उच्चारसुद्धा नाही."

शलाकाबाईंनी ढालकरांच्या पापण्यांवरचे कोळिष्टक पाहिले. पाठीवर साचलेला माघातला पाचोळा पाहिला. कंद पुढे ठेवला आणि त्या अदबीने म्हणाल्या, "अहो, पुढल्या हिवाळ्याची वेळही यांच्याकडून आत्ताच घेऊन ठेवा."

अशा रीतीने चैत्र शुद्ध प्रतिपदेस हे प्रकरण मिटले.

तात्पर्य: समुपदेशकाचे शिक्षण पाहावे, पूर्वानुभव पाहावा, पद्धतही विचारावी, परंतु नाव नोंदवण्यापूर्वी त्याची झोप पुरेशी गाढ आहे, याची खात्री अवश्य करून घ्यावी.