मोडेमनं उचललेला फोन

"आण्णा, शनिवारपासून आपला फोन कॉम्प्युटर उचलेल. माणूस लागणारच नाही!" आदिनाथनं जाहीर केलं.

कारभारींनी घास ताटात ठेवला. "आन् माणसानं काय करायचं मंग?"

कारभारींचा मुलगा आदिनाथ फिजिक्सचा पदवीधर. जगभरचे लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होते. ती कुणीही घ्यावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी. हाही देवळाली प्रवरात बसून त्यातला एक तुकडा लिहीत होता. कॉम्प्युटरला फोनवर बोलायला लावणारं एक कार्ड असतं, मोडेम. त्या मोडेमला चालवणारा प्रोग्रॅम त्याच्याकडे होता. फ्लॉपी एसटीनं नगरला नितीन या मित्राकडे जाई, तिथून इंटरनेटवरून मजकूर या कामाच्या जर्मनीतल्या प्रमुखाकडे. प्रमुखानं तो दोनदा परत पाठवला होता.

"फुकट लिव्हतो?" कारभारी विचारत.

"सगळेच फुकट लिहितात, आण्णा."

"मंजी समदेच येडे!"

कारभारींनी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याची नोकरी पक्की केली होती. शेवटी तोड निघाली. शनिवारी त्या यंत्रानं घरचं एक तरी काम केलं, तर आदिनाथला वर्षभर मोकळीक. नाही केलं, तर एक तारखेपासून कारखाना.

शनिवारी सकाळी आण्णा उसाला पाणी द्यायला गेले, आई रतनबाई बाजाराला. आदिनाथनं मोडेम तयार ठेवला, घराला कुलूप लावलं आणि घरी फोन करून पाहायला सायकलवर राहुरीच्या एसटीडी बूथकडे निघाला.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. गल्लीत फोन हा एकच. गल्लीतल्या सगळ्यांच्या पाहुण्यांकडे हाच नंबर, पुढे 'पी.पी.', म्हणजे शेजारचा फोन, असं लिहून. फोन आला की रतनबाई दारातून ओरडायची, "लंकाबाई, शेवगाव हाय!" घरात कुणी नसलं की घंटी वाजून वाजून थांबायची. आज मात्र फोन उचलला गेला!

शेवगावहून आसाराम बोलत होते, शेजारच्या लंकाबाईचे व्याही. लंकाबाईची लेक मोनिका त्यांची सून. पलीकडून आधी एक बारीक, लांबलचक 'ईईई' आली. मग आवाज चढला, उतरला, घोगरा झाला, अडकून अडकून फुटला. आसारामांचा चेहरा उतरला.

"रडत्यात," ते बूथमध्ये हळूच म्हणाले.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"आता तर दोगी-तिगी रडत्यात!"

शंकेला जागा नको म्हणून ते लावतच राहिले. तिकडे राहुरीत आदिनाथला लाईन लागेना.

"एंगेज," तो म्हणाला.

"कुनीतरी बोलत आसंल," बूथवाला गोरक्ष म्हणाला.

"घरात कुणीच नाही रे!"

"मंग लई बोलत आसंल."

आदिनाथ फोन लावणं सोडून चूक शोधत कागदावर आकृत्या काढत बसला. दुपार उलटली.

तोवर घरची माणसं भरून शेवगावहून निघालेला आसारामांचा टेम्पो देवळालीत पोचला होता. गल्लीच्या कोपऱ्यावर उतरताच बायकांनी रीतीप्रमाणे हेल काढला. आक्रोश फोनवर ऐकू आला होता, म्हणून सगळे फोनवाल्या घरापुढे बसले. गल्ली बाहेर आली. अशा वेळी 'कोण गेलं?' विचारत नाहीत; विचारणारा परका ठरतो. डोक्यावर पदर घ्यायचा, बसायचं, रडायचं. विहिणीनं "इहीनबाई!" म्हणून मिठी मारली, तेव्हा लंकाबाईच्या मनात मोनिका आली आणि तिनं जो टाहो फोडला, त्यानं उरलेसुरलेही रडू लागले. बाजारातून आलेली रतनबाईही पिशवीसकट बसली. कुणीतरी बांबू आणायला गेलं.

कारभारी शेतावरून आले. आपल्याच दारात गर्दी. घरात माणसं तीन. ते स्वतः उभे होते, रतनबाई समोर रडत होती. तिसरा कुठं दिसेना. ते ओट्याच्या कडेला बसले.

"फुकट तर फुकट," ते स्वतःशीच म्हणाले, "करू द्यायचं हुतं पोराला."

इतक्यात आदिनाथ आला. गर्दी पाहून त्यानं सायकल आवाज न करता टेकवली, चप्पल काढली आणि वडिलांशेजारी मान खाली घालून बसला. रीत त्यालाही ठाऊक होती. पण कुतूहल आवरेना.

"आण्णा," तो कुजबुजला, "कोण गेलं?"

कारभारींनी मान वळवली. क्षणभर पाहिलं. मग एक सणसणीत थोबाडीत ठेवून दिली, आणि त्याच हातानं त्याचं मनगट घट्ट धरलं. ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

कोण गेलं हे कुणालाच सांगता येईना; आसारामांनी याच घरातलं रडणं फोनवर ऐकल्याचं सांगितलं, तेव्हा त्या धरलेल्या हातानिशीच आदिनाथनं कुलूप काढलं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटली होती: 'फोन उचलला. पलीकडे कॉम्प्युटर नाही.'

"चाललं! आण्णा, चाललं!"

त्याच्या आनंदात कुणी सामील झालं नाही. आसारामांनी ऐकलेला आवाज कसला होता, हे गल्लीला समजावून सांगताना त्याचा घसा बसला.

"मंग याही, तुमी फोन केल्ता कशापायी?" लंकाबाईनं डोळे पुसत विचारलं.

आसारामांनी कपाळावर हात मारला. "आवो, मोनिकाला पोरगा झाला!"

लंकाबाई आधी हसली. मग खरीखुरी रडली.

रात्री कारभारी म्हणाले, "कर तुझं काम. कारखान्यात मी सांगतो. पर कुनी सांगितल्याबिगर त्यानं फोन उचलायचा न्हाई."

आदिनाथनं प्रोग्रॅम तसा बदलला आणि फ्लॉपी पाठवली. या वेळी प्रमुखानं काम स्वीकारलं. फक्त विचारलं, आपोआप फोन उचलणं बंद का ठेवलंय? चाचणीत काय आढळलं, ते सविस्तर कळवावं.

आदिनाथ सविस्तर लिहायला बसला. लिहिता लिहिता टेम्पोपर्यंत आला आणि त्यानं सगळं खोडलं. मग एवढंच लिहिलं:

'चाचणी केली. लोक फार रडले.'