बुडकुलीचा उजवा पाय

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं. आधी त्याला नुसतं तळं म्हणायचे. मग काठावर फलक लागला आणि त्याचं विद्यापीठ झालं. असं होतं कधी कधी, त्याला इलाज नाही.

तिथे बेडूक होण्याचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम होता. पहिली तीन वर्षं पदवीची. त्यात मागचे दोन पाय फुटायचे. पुढची दोन पदव्युत्तर. त्यात पुढचे दोन पाय फुटायचे आणि शेपूट गळायचं. मग प्रमाणपत्र घेऊन काठावर उडी मारायची. पूर्वी पिल्लं हे सगळं दीड-दोन महिन्यांत उरकायची, तेही कुणाला न विचारता. पण तो काळच अडाणी होता.

बुडकुली नावाची एक पोर खालच्या डबक्यात शिकत होती. डबकं आटलं, तशी ती ओढ्यातून धडपडत या तळ्यात आली. येताना मागचे दोन्ही पाय घेऊन आली. चांगले दणकट पाय होते हो.

इथले शैक्षणिक सल्लागार म्हणजे नांगेसर. खेकडे होते ते. बिळाच्या तोंडाशी बसून सल्ला द्यायचे.

"सर, माझे मागचे पाय झालेत," बुडकुली म्हणाली. "मला थेट पुढच्या पायांच्या वर्गात बसवा ना."

सरांनी पाय उलटसुलट करून पाहिले. "कुठले हे?"

"खालच्या डबक्यातले."

"हं. बाहेरची क्रेडिट आपण निम्मीच धरतो. डावा पाय मान्य. उजवा इथे नव्याने काढ."

"पण उजवा आहे की, सर. हा बघा, हलतोय."

"हलू दे. तो ऐच्छिक विषय म्हणून राहील. गुणपत्रिकेत दिसेल, पण धरला जाणार नाही."

हसू नका. तुम्हालाही जायचंय एक दिवस अशा बिळापाशी.

आता आहे तोच पाय पुन्हा कसा काढायचा? बिचारी रोज शेवाळात बसून जोर लावायची. उजवीकडे काही फुटेना. एका सकाळी पाहते तो पुढचेच दोन पाय फुटलेले, आणि शेपूट गळून पडलेलं. घाबरली पोर. तशीच सरांकडे गेली.

सर खवळले. "पदवीचा एक पाय बाकी, आणि तू पदव्युत्तरचे काढून मोकळी झालीस? कुणाला विचारून?"

"आपोआप आले, सर."

"आपोआप आलेलं शिक्षण आपण धरत नाही. अर्ज कर. त्यासाठी समिती बसते."

"कधी बसेल?"

"बसलेलीच आहे. उठली की कळेल."

भाद्रपदात पावसाने दडी मारली. तळं आटू लागलं. बुडकुलीचे कल्ले कधीच मिटले होते, तिला पाण्यात दम पुरेना. गुडघाभर पाणी उरलं, तेव्हा काठावर बगळा येऊन उभा राहिला.

"सर, बगळा आलाय," बुडकुली म्हणाली. "मला बाहेर जाऊ द्या. इथे राहिले तर मरेन मी."

"एका पायासाठी इतकी वर्षं पाण्यात घालवू नकोस, पोरी," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच माया होती, आणि मला राग येतो तो त्याचाच. "रांगेत बस. मध्येच उठलीस तर नंबर जाईल."

एवढं सांगून सर बिळात खोल गेले. तिथे ओल भरपूर होती.

रांगेत तीसेक पोरं होती. कुणाचा पाय अडलेला, कुणाच्या शेपटाची फाईल दुसऱ्या विभागात गेलेली.

बगळा पाण्यात उतरला. त्याने कुणाकडे कागद मागितला नाही. हा पाय कुठल्या डबक्यातला, तेही विचारलं नाही. डावे, उजवे, सगळे सरसकट मान्य केले, आणि एकेकाला गिळत पुढे आला.

बुडकुलीच्या पुढे दोघं उरली, तेव्हा तिने उडी मारली. दोन्ही पायांनी मारली. एका पायाने मारता येत नाही. ती ओल्या गवतात पडली, पुन्हा उडाली, आणि दिसेनाशी झाली. अजून तिकडेच असते म्हणतात. किडे खाते, पाऊस आला की ओरडते.

समिती दिवाळीनंतर उठली. रांगेतल्या सगळ्यांना तिने विशेष बाब म्हणून उत्तीर्ण केलं. बुडकुलीच्या नावापुढे मात्र लिहिलं, 'शिक्षण अर्धवट सोडले.'

तात्पर्य: अभ्यासक्रम कधी अर्धवट सोडू नये, बाळांनो. सोडणाऱ्याच्या हाती शेवटी लागतं काय? नुसता जीव.