डाव्या पायाचा लाल बूट

नेवेना तोंचेवाचा घसा एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी बसला आणि त्याच्यासोबत तिचं एकोणीस वर्षांचं राज्यही बसलं.

राज्य तसं फार मोठं नव्हतं. शिपायाच्या खोलीमागे एक कोंदट खोपटं, त्यात एक खुर्ची, एक माईक आणि चालू-बंद करायचं एक बटण. रोज सकाळी आठला दहा कमी असताना ती तिथे बसून शाळेच्या बातम्या वाचायची. जेवणात आज काय आहे, व्हॉलीबॉलमध्ये कोण हरलं, चोवीस मेच्या अक्षरदिनाच्या मिरवणुकीची तालीम किती वाजता, प्रयोगशाळेच्या दारावर पाकोळ्यांनी घरटं केलंय ते कुणी काठीने पाडू नये. कर्णे सगळ्या मजल्यांवर होते, एक तर मैदानातल्या खांबावर होता, त्यामुळे अर्ध्या गावाचं घड्याळ तिच्या आवाजावर लागायचं. पोरं ऐकायची नाहीत ही गोष्ट वेगळी. पोरं तिच्या रसायनशास्त्राच्या तासालाही ऐकायची नाहीत.

घसा बसला म्हणून मुख्याध्यापक लिलोव यांनी आठवडाभरासाठी कामेन द्रागानोवला माईकवर बसवलं. हा व्यायामशिक्षक जानेवारीत वार्नाहून बदलून आलेला. वय चाळीसच्या आतबाहेर, लग्न नाही, खांदे दारातून तिरके काढावे लागतील असे. पण खरी पंचाईत होती त्याच्या आवाजाची. "आज बटाट्याचा रस्सा," एवढंच तो म्हणाला आणि अख्खी शाळा गप्प झाली. दुसऱ्या दिवशी अकरावीच्या मुली त्याचा आवाज फोनवर टिपून घेऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या गिंकाने त्याला खोपट्यात पापुद्र्यांचा गरमागरम बानित्सा पाठवला, तोही पनीर दुप्पट घातलेला.

एकोणीस वर्षांत नेवेनाला गिंकाने कोमट पाणीसुद्धा पाठवलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी घसा खणखणीत करून ती कामावर आली, तर लिलोवसाहेब म्हणाले, "कशाला घाई करताय बाई? वाचू दे त्यालाच वर्ष संपेपर्यंत. तुम्ही आराम करा. बातम्या लिहून तेवढ्या देत जा, तुमच्यासारखं कुणाला लिहिता येत नाही."

"म्हणजे मी स्वयंपाक करायचा आणि वाढणार तो?"

"वाढपी देखणा असला की जेवण जास्त जातं," लिलोव म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश झाले.

नेवेना घरी आली, तिने भांडी जरा जोरातच घासली. नवरा अकरा वर्षांपूर्वी संत्री तोडायला म्हणून स्पेनला गेला आणि तिथल्याच एका बाईकडे राहिला, तेव्हासुद्धा तिला एवढी आग लागली नव्हती. नवऱ्याला निदान आवाज तरी नव्हता.

तीन आठवडे तिने सोसलं. मग एका संध्याकाळी बातम्या लिहिता लिहिता तिच्या हातून एक जादा बातमी लिहिली गेली. म्हणजे तिने ती लिहिलीच. हाताला दोष देण्यात अर्थ नाही. 'सापडलं' या सदरात तिने लिहिलं, "बाईमाणसाचा एक लाल बूट, डाव्या पायाचा, उंच टाचेचा. कुठे सापडला, तर..." इथे पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर एवढंच होतं, "व्यायामाच्या सामानाच्या खोलीत, कामेनसरांच्या गाद्यांमागे. ओळख पटवून तोंचेवाबाईंकडून न्यावा." तिसऱ्या पानावर नेहमीचं कामकाज. वाचता वाचता त्या धिप्पाड माणसाची बोबडी वळेल, मुली खिदळतील, गिंकाचा बानित्सा बंद होईल, बस्स. यापलीकडे तिला काही नको होतं.

सकाळी कामेनने एका हाताने बानित्सा खात दुसऱ्या हाताने कागद उलटले. बानित्साला तूप भरपूर. दोन पानं एकमेकांना चिकटली आणि पहिल्या पानावरून तो थेट तिसऱ्यावर गेला.

"कुठे सापडला, तर," तो त्या मधाळ आवाजात अख्ख्या गावाला म्हणाला, "मुख्याध्यापकांच्या खोलीत, संध्याकाळी पाच वाजता." मग जरा अडखळून, "बारावीच्या पालकांची सभा."

शिक्षकांच्या खोलीत नेवेनाच्या हातातली कॉफी बशीत सांडली.

मैदानाच्या भिंतीपलीकडेच लिलोवसाहेबांचं घर. त्यांची बायको पेन्का त्या वेळी बागेत पिओनीची फुलं कापत होती. नवरा गेला महिनाभर "वर्ष संपत आलंय, कामं फार आहेत" म्हणून सातच्या आत घरी येत नव्हता, हे तिच्या डोक्यात होतंच. पालकांच्या सभेचं तिने ऐकलंच नाही. पाच मिनिटांत ती चिखलाच्या बुटांनिशी, हातात फुलं कापायची कात्री घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत उभी राहिली.

"कुठंय?"

"काय कुठंय, पेन्का?"

"बूट! आणि जिचा आहे ती कुठंय?"

लिलोवांना बिचाऱ्यांना खरंच काही माहीत नव्हतं, आणि खरंच काही माहीत नसलेला माणूस जसा दिसतो तसा अपराधी दुसरा कुणी दिसत नाही. त्यांनी नेवेनाला बोलावलं, कामेनला बोलावलं. कामेनने निमूटपणे तुपकट कागद पुढे केले. पेन्कानेच कात्रीच्या टोकाने पानं सोडवली आणि मधलं पान मोठ्याने वाचलं.

"बघ! बघ!" लिलोवांचा जीव भांड्यात पडला. "गाद्यांमागे! याच्या!"

"माझ्या?" कामेन चक्रावला. "अहो, त्या गाद्या मी रोज स्वतः उचलतो. मला नाही कुठं बूट दिसला."

पेन्काने डोळे बारीक केले. "तोंचेवाबाई, बूट तुमच्याकडे आहे असं लिहिलंय. दाखवा. नाहीतर हे पान माझ्या नवऱ्याने आत्ता तुमच्याकडून लिहून घेतलंय असं मी समजेन, आणि आज संध्याकाळी याच्या कपड्यांची पेटी फाटकाबाहेर असेल."

लिलोवांनी नेवेनाकडे असं पाहिलं, जसं बुडणारा माणूस काठावरच्या गवताकडे पाहतो. नेवेनाला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण सांगायचं काय? की मी, बावन्न वर्षांची बाई, एका बटाट्याच्या रश्शापायी जळले?

"घरी ठेवलाय," ती म्हणाली. "जपून. आणते."

आठवी 'ब'ला वाऱ्यावर सोडून ती दोन गल्ल्या ओलांडत घरी धावली. बूट तिच्याकडे होता, कारण लिहिताना तिने वर्णन केलं होतं ते स्वतःच्याच बुटांचं. सात वर्षांपूर्वी बारावीच्या निरोपाच्या नाचासाठी तिने ते घेतले होते, एकदा घातले होते आणि खोक्यात ठेवून दिले होते. डावा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि धापा टाकत परत आली. वाटेत तिच्या मनात आलं, चला, सुटले. बाई बूट बघेल आणि घरी जाईल.

पेन्का घरी गेली नाही. तिने बूट उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला, टाच बोटाने चाचपली.

"अडतीस नंबर," ती म्हणाली. "गाद्यांमागे असो की टेबलाखाली, हा बूट कुणाच्या तरी पायातला आहे. आणि तो पाय याच इमारतीत आहे. छोट्या सुट्टीत सगळ्या बायकांना शिक्षकांच्या खोलीत बोलवा."

"पेन्का, ही शाळा आहे गं."

"मग शिकू दे ना सगळ्यांना काहीतरी."

छोट्या सुट्टीत सगळ्या बायका आल्या. कुतूहलच एवढं होतं की बोलवायला कुणाला पाठवावं लागलं नाही. इंग्रजीच्या इवायलाने आधी पाय घातला. सव्वीस वर्षांची नाजूक पोर, बूट तिच्या पायात होडीसारखा डुलला. "शी, माझा असता तर," ती पुटपुटली, आणि तिची नजर उगाचच कामेनकडे गेली. ग्रंथपालबाईंचा अंगठाच आत जाईना. गिंकाने एप्रन सावरत अर्धा पाय कोंबला, तो मात्र बाहेर काढायला दोघी लागल्या.

"तोंचेवाबाई, आता तुम्ही," पेन्का म्हणाली.

"मी कशाला? मलाच तर तो सापडला!"

"म्हणूनच."

नेवेनाने बोटं आखडून धरली, टाच वर उचलली, चेहऱ्यावर कळ आल्याचा आवही आणला. पण पाऊल आपलं घर ओळखतं. सात वर्षांनीही ते लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं.

गिंका ओरडली, "अगं बाई! हा तर तुझाच! त्या वर्षी निरोपाच्या नाचाला नाही का घातला होतास! मीच म्हणाले होते, नेवेना, या वयात लाल?"

"मग?" ग्रंथपालबाई गोंधळल्या. "स्वतःचाच बूट हिला सापडला?"

"सोपं आहे," पेन्का म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता, कारण नवरा सुटला होता. "बूट राहिला गाद्यांमागे. परत मागायची हिला लाज. म्हणून बातमी लावली, की तो समजेल आणि गुपचूप आणून देईल. आम्ही तरुण असताना भिंतीवरून चिठ्ठ्या टाकायचो. आता कर्णे आलेत."

सगळ्या माना एकदम कामेनकडे वळल्या. कामेन कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. लाजणारा माणूस होता तो, साधं "शाबास" म्हटलं तरी लाल व्हायचा, पण हे कुणाला ठाऊक? खोलीने तो कबुलीजबाब म्हणून घेतला.

नेवेनाने तोंड उघडलं. समोर लिलोव हात जोडल्यासारखे उभे होते. 'बूट तिथे नव्हताच' असं म्हणावं, तर तो पुन्हा साहेबांच्या खोलीत जाणार आणि साहेबांची पेटी फाटकाबाहेर. 'बातमी मी रचली' असं म्हणावं, तर का रचली तेही सांगावं लागणार. तिने तोंड मिटलं.

"पिओनी पाठवून देईन हो," पेन्का तिच्या खांद्यावर थोपटून गेली. लिलोवांनी घाम पुसत फर्मान काढलं, की यापुढे शाळेत काहीही सापडलं तरी बातम्यांत सांगायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी शिपायापासून पाचवीपर्यंत पोचली होती. खाली मान घालून नेवेना थाळी घेऊन रांगेत उभी राहिली. गिंकाने तिच्या थाळीत पातेल्याच्या वरवरचं पाणी ओतलं, बटाटा एकही नाही.

"अगं, थोडं घट्ट वाढ की."

"काहींच्या पदरात आधीच भरपूर पडलंय," गिंका ठसक्यात म्हणाली आणि डाव आपटला.

नेवेनाला आधी कळेना. मग हळूहळू उमगलं, आणि हातातली थाळी तिला एकदम हलकी वाटली. हा तर जळफळाट! हा आवाज ती चांगला ओळखत होती. तीन आठवडे तो तिच्याच पोटात तर होता. ती टेबलाशी बसली. समोर इवायला काटा घेऊन कोबीशी खेळत होती.

"बाई," इवायला शेवटी म्हणाली, "तुम्ही केसांना काय लावता हो?"

"पाणी," नेवेना म्हणाली.

"सांगायचं नसेल तर राहू दे," इवायला फणकारली.

शेवटच्या तासाला आणखी नवल घडलं. अकरावीच्या मुली पहिल्या बाकांवर येऊन बसल्या आणि एकूण एक पोर तिच्याकडे टक लावून बघत होती. आम्ल आणि क्षार यांच्याबद्दल ती बोलत होती आणि सबंध वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. माईक न लावता.

शाळा सुटल्यावर कामेनने तिला फाटकापाशी गाठलं. टोपी हातात चुरगाळत होता.

"बाई, मला काहीच कळलेलं नाही," तो म्हणाला. "माझ्या गाद्यांमागे तुमचा बूट कसा आला?"

नेवेनाने सगळं सांगून टाकलं. घसा, वाढपी, बानित्सा, जादा बातमी. सांगताना तिचा आवाज पुन्हा बसत आला. कामेनने ऐकून घेतलं, मग तो हसायला लागला, आणि हसताना तो आवाज इतका मोठा होता की भिंतीपलीकडे पेन्काची कात्री थांबली.

"अहो, मागितला असता तर माईक त्याच दिवशी दिला असता. मला तर रोज सकाळी तिथे बसायचीच भीती वाटते." मग तो गंभीर झाला. "पण तुमच्या नावाला उगीच बट्टा लागला. उद्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांसमोर सांगतो, की असं काही नाही म्हणून. तुमचं नाव न घेता, कागदांचा घोळ झाला एवढंच."

रस्त्यापलीकडे इवायला आणि ग्रंथपालबाई बसची वाट बघत उभ्या होत्या. बस येऊन गेली होती. दोघी अजून तिथेच होत्या, माना इकडेच.

नेवेनाने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि केस कानामागे सारले.

"सांगा ना, सांगा," ती म्हणाली. "पण घाई काय आहे? सुट्टी लागू दे की आधी."