हात वर करणाऱ्यालाच पेढा

ऑफिसात पेढे आले की साळवे सर ते वाटत नाहीत. खोका उघडून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "पेढे आलेत. ज्याला पायजेत त्यानं हात वर करा." ज्याचा हात वर त्यालाच पेढा. थोड्या वेळानं पुन्हा, "अजून कोण खातंय?" कुणी बोललं नाही की खोका बंद. मी रुजू झाले त्या दिवशी लाजून हात वर केला नाही. पेढे माझ्या नोकरीचे, आणलेले मीच, आणि मलाच मिळाले नाहीत.

साळवे सर शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात नेटवर्क सांभाळतात. मी करमाडची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि डिग्री घेऊन थेट यांच्या हाताखाली. नेटवर्कच्या वायरी जिथं जुळतात तो स्विच मी पुस्तकात शिकले होते, सरांनी तो पेढ्यांवर शिकवला.

"कॅमेरा एक, पडदे वीस. सगळ्यांच्या गळ्यात चित्र कोंबायचं नाय. जो पडदा मागंल त्याच्याच वायरीत सोडायचं. ह्याला मल्टिकास्ट म्हणतेत. बाकीचे लई सुखात ऱ्हातेत."

हाच नियम घरी. वास्तुशांतीला त्यांनी नातेवाइकांना कळवलं, ज्याला यायचंय त्यानं सांगा, मग पत्रिका देतो. कन्नड गावचे सख्खे मेव्हणे तेव्हा रुसले ते अजून रुसलेलेच आहेत. "मागितलीच नाय त्यांनी," सर म्हणतात.

मुलगी स्नेहा त्यांचा विरोध असताना पुण्याला नोकरीला गेली. वर्ष झालं, बोलणं बंद. मी विषय काढला तर म्हणाले, "तिला बोलायचं आसंल तर करंल फोन. आपण कुणाच्या कानात कोंबत नसतो." पण फोन वाजला की आधी नाव बघायचे, आणि मग उचलायचे जरा सावकाश.

मागच्या महिन्यात नव्या शेडमधला स्विच मी एकटीनं बसवला. पडद्यांवर चित्र आलं. चार मिनिटं झाली आणि सगळे पडदे काळे. पुन्हा चालू केलं, पुन्हा चार मिनिटांनी काळे. दुपारपर्यंत मी सगळ्या वायरी बदलल्या. शेवटी सर आले, लॅपटॉपवर दोन ओळी वाचल्या आणि हसले.

"पडद्यांनी एकदा मागितलं, स्विचनं दिलं. पण 'हाय का अजून कुणी?' असं मधूनमधून विचारणारं लागतं. ते तू चालूच नाय केलं. कुणी विचारंना म्हणून पडदे गप. पडदे गप म्हणून स्विचला वाटलं, कुणी उरलंच नाय. तोडून टाकलं."

"म्हणजे पडद्यांना चित्र पाहिजे होतं?"

"व्हय की. वाट बघत बसले व्हते बिचारे."

आमच्याकडं मनातलं तोंडात यायला वेळ लागत नाही. मी बोलून गेले, "मग सर, स्नेहाला कोण विचारतं?"

सरांनी सेटिंग चालू केलं, चष्मा पुसला, निघून गेले. पडदे नंतर काळे पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते कॅन्टीनला दिसले नाहीत. पाहिलं तर पार्किंगमध्ये लिंबाखाली, कानाला फोन. "जेवलीस का?" एवढंच मला ऐकू आलं. मग सर फोन कानाला धरून मान हलवत राहिले. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. डबा स्कूटरच्या सीटवर बंदच होता.

"हाय, हाय मी," सर फोनमध्ये म्हणाले. "ऐकतोय. बोल तू."