शेजाऱ्यासारखे टायर

एल्डनच्या पिकअपचे चारही टायर त्याच्या टकलाइतके गुळगुळीत झाले, तेव्हा बायकोने, मेव्हिसने, त्याला टायरच्या दुकानात पिटाळलं.

"साधे, आवाज न करणारे टायर घे. शनिवारी जत्रेतल्या स्पर्धेला माझा काकवीचा केक धड पोचला पाहिजे. यंदा पहिला नंबर मी सोडणार नाही."

(दरवर्षी मेव्हिस दुसरी. पहिली यायची शेजारी हार्लनची बायको.)

टायरवाल्या ड्युएनने साध्या नक्षीचे टायर पुढे केले. पण एल्डनची नजर भिंतीवरच्या राक्षसी टायरांवर खिळली. मुठीएवढे त्यांचे खवले!

"हे कोण नेतं?"

"हार्लन. चिखलातून गुरांना पेंड टाकतो ना. तू खिळे-मोळे विकणारा माणूस, तुला कशाला रे?"

शेजाऱ्याने काय नेलं ते विचारून माल घेणाऱ्या गिऱ्हाइकांना एल्डन स्वतःच्या दुकानात रोज हसायचा. आता तोच म्हणाला, "बसव."

डांबरी रस्त्यावर टायर असे घोंघावले, की जणू मधमाश्यांचं अख्खं पोळं खवळलंय.

"हा कसला आवाज?" मेव्हिसने कपाळाला हात लावला.

"ताकद आहे ती!"

शनिवारी त्या ताकदीने गाडी इतकी हादरली, की तीनमजली केक मांडीवर टिकेना. एल्डनने तो खोक्यासकट मागच्या हौद्यात गादीवर ठेवला. (डोकं बघा!)

हार्लनच्या कुरणाला रस्त्याकडे कुंपण नाही. घोंघाट ऐकताच गाईंनी माना वर केल्या. त्यांच्या लेखी हा आवाज म्हणजे पेंड. सगळा कळप शेपट्या उंचावून धावला आणि रस्ता बंद.

एल्डनने जोरात हॉर्न दाबला.

"अरे, नको!" मेव्हिस किंचाळली.

त्या मुलखात पेंड आली की हॉर्न वाजवूनच गुरांना बोलावतात. टेकडीमागच्या गाईही आल्या.

मेव्हिस हॅट उगारून मागे धावली, तोवर एका तांबड्या गाईचं तोंड खोक्यात गेलं होतं. बाहेर आलं तेव्हा मिशांना काकवी, आणि खोक्यात नुसता कागद.

घोड्यावरून हार्लन पोचला. मेव्हिसच्या डोळ्यांत पाणी.

"मेव्हिस, घरी सांगू नकोस," तो हळूच म्हणाला, "पण माझ्या बायकोचा केक एकदा ह्याच गाईपुढे पडला होता. तिने हुंगून सोडला."

मेव्हिसने डोळे पुसले. गाईकडे नीट पाहिलं.

"उद्याच टायर बदलतो," एल्डन पुटपुटला.

"हात तर लाव!"

त्यानंतर वर्षभर मेव्हिसचा प्रत्येक नवा केक आधी कुरणात गेला. एल्डनने गाडी घोंघावत न्यायची, गाईने चव घ्यायची. तिने तोंड फिरवलं की मेव्हिस काकवी वाढवायची.

पुढच्या जत्रेत मेव्हिस पहिली आली. परतताना कुरणापाशी हार्लनने काढलेला फोटो आता तिच्या स्वयंपाकघरात आहे. त्यात पहिल्या नंबरची निळी फीत लावलेली मेव्हिस आहे, तांबडी गाय आहे, मागे ते टायरही झोकात दिसतात.

एल्डन नाही. गाईने मान वर करावी म्हणून तो गाडीत बसून हॉर्न वाजवत होता.